संगिताचे पंधरापैकी दहा

संगिता राठोडला राग आला की ती भांडत नाही, शिलाई मशीनवर बसते. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावपासून आत, जिथं जीपवाला "इथून पुढं पायी जा" म्हणून उतरवून देतो, तिथं तिचा तांडा. आज संगिताकडं ब्लाउज मागायला जावं की नाही, हे तांड्यातल्या बायांना मशीनच्या आवाजावरून कळतं. मागल्या वर्षी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ती मशीन अशी धडधडायला लागली की शेजारची रुपा कणकेचे हात घेऊनच दाराशी आली. अंगणात संगिताचा नवरा देविदास पेढ्यांचा पुडा धरून उभा होता. त्याची आत जायची छाती होईना.

"काय झालं भाऊजी? नापास झाली का?" रुपानं हळूच विचारलं.

"पास झाली," देविदास म्हणाला. "पंधरापैकी पंधरा. म्हणून तर चिडली."

आता सांगा! लोकं नापास झाल्यावर रडतात. ही बाई पास झाली म्हणून दातओठ खात बसली. तांड्यानं त्याच संध्याकाळी तिला येडी ठरवून टाकलं. ठरवणाऱ्यांचं काय जातं? ज्याचं जळतं त्याला कळतं.

संगिता दहावी पास आहे. एवढंसं वाक्य, पण त्यानंच तिचं काळीज पोखरलंय. माहेरी असताना तिचा नंबर लागला तो एका भलत्याच नाव काढलेल्या केंद्रावर. खिडकीतून चिठ्ठ्या येत होत्या, भिंतीवर कुणाचे मामे, कुणाचे भाऊ चढलेले, आणि गणिताच्या पेपराला तर एका मास्तरानं उत्तरं सरळ फळ्यावरच लिहून दिली. संगिताचा बाप भावसिंग अडाणी, पण चोरून खाल्लेलं अंगी लागत नाही, हे त्यानं लेकीच्या डोक्यात पक्कं बसवलेलं. सगळा वर्ग फळा उतरवून घेत होता, तेव्हा ही पोरगी मान खाली घालून आपली गणितं आपण सोडवत होती. पास झाली. मार्क बेताचेच पडले, पण एकूण एक तिच्या घामाचे होते.

लग्नानंतर काही वर्षांनी अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली. संगिता मुलाखतीला गेली. समोरच्या साहेबानं तिचा मार्कमेमो हातात घेतला, केंद्राचं नाव वाचलं आणि शेजारच्याला कोपर मारून म्हणाला, "हे सेंटर व्हय? इथं तर म्हशी बी पास व्हतात!" दोघं पोट धरून हसले. संगितानं मार्कमेमो उचलून पिशवीत घातला. काय बोलणार? मी फळ्याकडं बघितलं नाही, हे सांगायला साक्षीदार कुठून आणायचा? घरी आली आणि तेव्हा पहिल्यांदा मशीन अशी धडधडली.

तेव्हापासून तिच्या मनात एकच ठाण मांडून बसलं होतं. जन्मात एक तरी परीक्षा अशी पास व्हायची की माझी आहे म्हणून छातीवर हात ठेवून सांगता येईल. कसली का असेना.

ती संधी आली स्कूटीवर बसून. संगिता आसपासच्या गावांतल्या बायांचे ब्लाउज शिवते. माप घ्यायला जायचं, शिवून झालं की द्यायला जायचं, आणि जीप काही भरल्याशिवाय जागची हलत नाही. देविदासनं हळद विकल्यावर तांड्यातल्या संतरामची जुनी लेडीज गाडी घेऊन टाकली. वावरात, धुऱ्याच्या कडेनं संगिता ती चालवायला शिकली. दोनदा पडली, एकदा तुरीत घुसली, पण शिकली. राहिलं लायसन.

"लायसनला काय लागतंय?" जो तो सांगायचा. "सोमेश्वरकडं जा, आधार दे, काढून देतो."

सोमेश्वर म्हणजे बाजारातल्या ऑनलाईन सेंटरवाला. पीकविमा, जातीचा दाखला, बारावीचा निकाल, सगळं त्याच्याच कॉम्प्युटरमधून निघतं. लर्निंग लायसनची परीक्षाही आता कॉम्प्युटरवरच असते. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास.

"काढून देतो म्हंजे?" संगिता म्हणायची. "परीक्षा हाय ना? मग म्या देणार."

सेनगावच्या स्टँडवरून तिनं नियमांचं आणि खुणांचं एक पातळसं पुस्तक आणलं आणि अभ्यासाला लागली. अभ्यास म्हणजे काय, मशीनवर पाय, मांडीवर कापड आणि समोर पत्र्याला टोचलेलं पुस्तक. तिची सासू मिराबाई बाजेवर बसून डाळ निवडायची. मिराबाईंना अक्षर ओळखता येत नाही, पण चित्रं तर चित्रंच असतात. त्या पानावर बोट ठेवून विचारायच्या आणि सून उत्तर द्यायची. घरात त्यांचं बोलणं गोरमाटीतलं, म्हणजे बंजारा बोलीतलं, पण इथं मराठीतच सांगितलेलं बरं.

"हे काय गं? भोंगा अन् त्याच्यावर काट?"

"हॉर्न वाजवू नये, याडी."

"मग ह्या जीपवाल्यांना हे चित्र कुणी दावलं न्हाई का?"

याडी म्हणजे आई. संगिता सासूला तशीच हाक मारते. एके दिवशी एका शब्दावरून दोघींचं जुंपलं. संगिता मोठ्यानं वाचत होती, "पादचारी रस्ता ओलांडत असताना..." मिराबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"काय म्हणलीस?"

"पादचारी. पायी चालणारा माणूस, याडी."

"मग पायी चालणारा म्हण ना! लेकीसुनांनी तोंडातून काढावा असा शब्द हाय का हा? भर घरात पाद-पाद करून राहिली! सरकारला लाज न्हाई का?" बाहेर रुपा हसून हसून भिंतीला टेकली. त्या दिवसापासून घरात तो शब्द 'पायवाला' झाला. परीक्षेत पादचारी आला की मनात पायवाला म्हणायचं, असं संगितानं ठरवून ठेवलं.

खरी लढाई झाली ती घाटावरून. पुस्तकात लिहिलं होतं, चढावर समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्याला आधी वाट द्यावी. मिराबाईंनी मान हलवली. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घालणारे. त्या लदेणीच्या गोष्टी मिराबाई लहानपणापासून ऐकत आलेल्या.

"चूक हाय ते," त्या म्हणाल्या. "रस्त्याचा कायदा एकच. भरल्याला वाट. रिकाम्यानं बाजूला व्हायचं. मिठाची गोणी पाठीवर घेऊन बैल उभा ठेवायचा अन् रिकामं जनावर डुलत डुलत जाऊ द्यायचं, असं कुठं असतंय?"

"याडी, पुस्तकात चढणाराच हाय."

"मग पुस्तक लिवणाऱ्यानं जन्मात बैल लादला न्हाई."

हे रोजचं झालं. त्या पानावर आलं की मिराबाई विचारायच्या, "कुणाला वाट?" आणि संगितानं "चढणाऱ्याला" म्हटलं की त्या तोंड फिरवायच्या. पण बाकी सगळ्या पानांवर सासू कडक मास्तर. एक खूण चुकली तरी म्हणायच्या, "आज नापास. उद्या पुन्यांदा." देविदासला त्या दिवसांत कालवण कधी अळणी मिळालं, कधी खारट मिळालं, पण तोही बिचारा ताट पुसून उठायचा. बायको झोपेतसुद्धा डावीकडं वळायला हात दाखवायची.

परीक्षेच्या दिवशी संगितानं नवं लुगडं नेसलं. गोरेगावच्या बाजारात सोमेश्वरच्या सेंटरपुढं ही गर्दी. तिचा नंबर आला. सोमेश्वरनं आधार मागितलं, मोबाईलवर आलेला नंबर मागितला, मग म्हणाला, "ताई, इकडं कॅमेऱ्यात बघा. हलू नका."

संगिता कॅमेऱ्यात बघत राहिली. आता परीक्षा सुरू होईल, आता हा उठेल आणि मला खुर्ची देईल, असं तिला वाटत होतं. सोमेश्वरच्या एका कानाला फोन होता. पलीकडच्या माणसाशी तो कुणाच्यातरी साखरपुड्यातल्या जेवणाबद्दल बोलत होता, "वांग्याची भाजी एक नंबर, पण भात कच्चा," आणि दुसरा हात माऊसवर टकटक करत होता. मग प्रिंटर कुरकुरला. सोमेश्वरनं कागद काढून तिच्यापुढं धरला.

"घ्या. पेढे कधी?"

"परीक्षा कधी हाय मग?" संगितानं विचारलं.

"झाली की! पास. पंधरापैकी पंधरा."

संगिताला आधी कळेचना. मग कळलं, आणि तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "म्या स्क्रीन बी बघितली न्हाई! कुणी दिली परीक्षा?"

"ओ ताई, तुमचं काम झालं ना? मागं लाईन हाय."

"तुला कुणी सांगितलं व्हतं? म्या महिनाभर अभ्यास करून आले! तू मला इचारलं का?"

मागं पीकविम्यासाठी उभा असलेला एक म्हातारा हसत म्हणाला, "पोरी, लोकं असंच व्हावं म्हणून हातापाया पडतात, अन् तू भांडतीस?" सगळी रांग हसली. तेच हसू! साहेबाच्या कचेरीत ऐकलेलं, कोपर मारून हसलेलं, तेच. संगितानं कागदाचे दोन तुकडे केले आणि टेबलावर आपटले.

सोमेश्वर जराही रागावला नाही. त्यानं माऊस दाबला, प्रिंटर पुन्हा कुरकुरला. "फाडा ना ताई. कितीबी फाडा. पुन्हा निघतंय."

काय करावं अशा माणसाचं? बरं, तो काही वाईट पोरगा नव्हता. त्यानं तिच्याकडून जास्तीचा पैसा घेतला नव्हता, शिवी दिली नव्हती. तो उपकारच करत होता, त्याच्या मते. पण ज्या दारातून ही बाई इतकी वर्षं स्वतःच्या पायानं आत जायला निघाली होती, त्या दारातून ह्यानं तिला पोत्यासारखं उचलून आत टाकलं, आणि वर म्हणतो पेढे द्या. अशानं टाळकं फिरणार नाही तर काय होणार?

तर ती ही संध्याकाळ. मशीन धडधडत होती, देविदास पेढे धरून अंगणात उभा होता. शेवटी मिराबाई आत गेल्या आणि त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं.

"पास झालीस म्हणे. मग जीव काहून जाळून राहिली?"

"म्या न्हाई झाले, याडी. तो झाला." आणि संगिता रडली. हुंदके देत सगळं सांगितलं, कॅमेरा, फोन, वांग्याची भाजी, सगळं. "दहावीला म्या खरं लिवलं, तरी लोकांनी खोटं ठरवलं. आता तर खरंच खोटं झालं. उद्या कुणी म्हणलं, हिचं लायसन म्हशीचं हाय, तर म्या काय सांगू?"

मिराबाईंनी आपला अंगठा सुनेपुढं धरला. मग म्हणाल्या, "निराधारचे पैसे आणायला बँकेत जाते ना, तिथला पोरगा माझा अंगठा असा धरतो, जशी काय त्याच्या घरची पळी हाय. शाईत बुडवतो, कागदावर दाबतो, देतो सोडून. मला लई राग येतो त्याचा. पण काही झालं तरी अंगठा माझाच उठतो. तुझं तर त्यानं बोट बी घेतलं न्हाई." त्या उठल्या. "ह्या लायसनला हात लावायचा न्हाई. पुन्यांदा दे परीक्षा."

पण पुन्हा देणार कशी? सरकारदरबारी ती पास झालेली. देविदासनं दोन-चार जणांना विचारलं, सगळे त्याच्याकडंच संशयानं बघायला लागले. शेवटी एवढं कळलं की लर्निंगची मुदत सहा महिने असते. ती संपून गेली की नव्यानं अर्ज करता येतो.

"म्हंजे सहा महिने गाडी उभी ठेवायची?" देविदासनं कपाळावर हात मारला.

"व्हय," सासू-सून दोघी एकदम म्हणाल्या.

तांड्याचे नाईक हरिचंद समजवायला आले. नाईकाचा शब्द तांड्यात कुणी मोडत नाही. ते बाजेवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "पोरी, सरकारच म्हणतंय तू पास हायेस. तू कोण न्हाई म्हणणारी?"

"काका, उद्या रस्त्यावर माझ्या हातून कुणाला लागलं, तर ठाण्यात कोण जाईल? सोमेश्वर का म्या?"

हरिचंदनी चहाची बशी खाली ठेवली. "ते बी बराबर हाय," एवढंच म्हणून ते उठले.

गाडी पत्र्याखाली उभी राहिली. तिच्यावर जुनं लुगडं टाकलं. पाय ठेवायच्या जागेत रुपाच्या कोंबडीनं अंडी घातली आणि पिल्लंसुद्धा तिथंच निघाली. संगिता पुन्हा जीपच्या मागं धावायला लागली, मांडीवर ब्लाउजचं गाठोडं, डोक्यावर ऊन. जीपमध्ये बाया विचारायच्या, "काय गं, गाडी हाय म्हणे तुझ्याकडं? अंडी उबवायला घेतली का?" संगिता मांडीवरच्या ब्लाउजला हुक लावायला घ्यायची. बोलून काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी. अभ्यास मात्र चालूच होता. कुणाला वाट? चढणाऱ्याला. मिराबाई तोंड फिरवायच्या.

मुदत संपली. नव्यानं अर्ज केला, आणि संगिता सोमेश्वरच्या सेंटरपुढं उभी राहिली. ह्या वेळी सोबत मिराबाई होत्या. सोमेश्वरनं तिला ओळखलं आणि हात जोडले. "ताई, खुर्ची तुमची. माऊस तुमचा. म्या काय सुद्धा करत न्हाई."

"तुझ्या शब्दाला कोण विचारतंय?" मिराबाई त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मुठीत पकडला. बँकेतला पोरगा पकडतो तसाच, घट्ट. "आता हलव."

"अहो आजी, लोकं बघून राहिले!"

"बघू दे. माझा बी सगळे बघतात."

संगिता खुर्चीवर बसली. कॅमेऱ्यात बघितलं. पहिला प्रश्न आला आणि तिनं माऊस धरला. मशीनवर सरळ टीप मारणारा हात, पण ह्या माऊसचा बाण म्हणजे सुटलेलं वासरू. उत्तर एकीकडं, बाण तिसरीकडं. एका प्रश्नाचं उत्तर येत असून बाण तिथं पोचेपर्यंत वेळ गेला. सोमेश्वरला राहवेना. "ताई, तिसरं..."

"गप!" संगिता ओरडली. मिराबाईंनी अंगठा पिरगाळला. सोमेश्वर कळवळला आणि मग खरंच गप बसला.

हॉर्नवर काट आली, ती बरोबर. पादचारी आला, संगिता मनात पायवाला म्हणाली आणि तोही बरोबर. तीन प्रश्न असल्या मराठीत लिहिलेले की वाचता वाचता वेळ संपायला आला, तिथं अंदाजानं दाबलं आणि चुकलं. मग आला घाट. चढावर समोरासमोर वाहनं आल्यास प्राधान्य कोणाला? उतरणाऱ्याला, चढणाऱ्याला, जास्त भार असलेल्याला. सहा महिने घोकलेलं उत्तर. पण 'भार' हा शब्द डोळ्यापुढं आला, मागं याडी बसलेली, आणि मिठाची गोणी घेऊन उभा राहिलेला तो बैल तिला दिसला. बोटानं आपलं आपण जास्त भारवाल्यावर दाबलं. स्क्रीनवर लाल खूण आली.

"आय्योऽ!" संगितानं जीभ चावली.

शेवटचा प्रश्न संपला. स्क्रीनवर निकाल आला. ती श्वास धरून वाचत राहिली, एकदा वाचलं, दोनदा वाचलं. रांगेतले लोक माना उंचावून बघत होते. मिराबाईंना वाचता येईना, म्हणून त्या सुनेच्या तोंडाकडं बघत होत्या.

सोमेश्वरचा अंगठा मोकळा झाला. तो चोळत चोळत त्यानं स्क्रीन बघितली आणि त्याला हसू फुटलं. "दहा! ताई, मागल्या टायमाला म्या पंधरापैकी पंधरा आणून दिले व्हते तुम्हाला. सहा महिने गाडी उभी ठेवून हे दहा आणले का?"

रांगेतले दोघंतिघं हसले. ह्या वेळी संगिताला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. तिनं प्रिंटरमधून कागद स्वतःच्या हातानं ओढून घेतला.

"ते पंधरा तुझे व्हते," ती म्हणाली. "हे दहा माझे. अन् चुकलेले पाच बी माझेच."

मिराबाई स्टुलावरून उठल्या, पदर सावरला आणि सुनेला म्हणाल्या, "चारच तुझे. तो भरल्याला वाटवाला माझा हाय."